खड्डा म्हणजे भोक नव्हे

कॉलेजने टोपोलॉजीचा वर्ग बंद केला, तेव्हा बाईंकडे एकच विद्यार्थी उरला होता, आणि तोही चुकून आलेला. त्याला जायचं होतं फोटोग्राफीच्या वर्गाला. खोली चुकली, समोर बाई एवढ्या उत्साहाने बोलताना दिसल्या की उठून जायची त्याला लाज वाटली, आणि बिचारा वर्षभर तिथेच बसून राहिला. निरोपाच्या दिवशी त्याने बाईंचा एक फोटो काढला. तो हलला होता.

घरी बसून बाईंना करमेना. नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले कितीतरी महिने समुद्रावर. घरात त्या आणि सासूबाई. बाई कणीक मळता मळता तिची अंगठी करायच्या, अंगठीचा कप करायच्या, आणि सासूबाई जेवायची वाट बघत बसायच्या.

"अगं, पोळ्या लाटणारेस का माझी परीक्षा घेणारेस?" सासूबाई विचारायच्या.

शेवटी धाकटे दीर मदतीला आले. ते शहराच्या रस्ते खात्यात होते.

"वहिनी, आमच्याकडे दरवर्षी कर्मचाऱ्यांना काहीतरी शिकवावंच लागतं. वरचा नियम आहे. विषय कोणताही चालतो. गेल्या वर्षी आम्हाला फुग्यांचे प्राणी करायला शिकवलं. अजून अर्ध्या खात्याला जिराफ येतो."

"पण भाऊजी, टोपोलॉजी?"

"जिराफापेक्षा वेगळं असलं म्हणजे झालं."

अशा रीतीने एका सोमवारी सकाळी बाई रस्ते खात्याच्या बैठकीच्या खोलीत उभ्या राहिल्या. लांबलचक टेबल, भिंतीवर पुढे धावणारं घड्याळ, कोपऱ्यात जुने दिशादर्शक फलक एकमेकांना टेकून ठेवलेले. त्यातले दोन बाण समोरासमोर. पहिल्या खुर्चीत खात्याचे मोठे साहेब. साहेब स्वभावाने सज्जन, पण शहरातल्या खड्ड्यांनी त्यांची झोप उडवली होती. सकाळी दार उघडलं की तक्रार, टेलिफोन उचलला की तक्रार. न्हाव्याकडे गेले तर न्हावी वस्तरा गळ्याला लावून खड्ड्यांचा विषय काढायचा. साहेबांनी दाढी वाढवली होती ती त्यामुळेच.

बाईंनी प्रत्येकाला मुलांच्या खेळातल्या मातीचा एकेक गोळा दिला.

"टोपोलॉजी म्हणजे काय ते आधी सांगते," त्या म्हणाल्या. "समजा, सगळं जग या मातीचं आहे. वस्तू ताणा, दाबा, पिळा, वाकवा, सगळं चालेल. दोनच गोष्टी करायच्या नाहीत. फाडायचं नाही आणि चिकटवायचं नाही. एवढा छळ करूनही त्या वस्तूत जे टिकून राहतं, त्याचा अभ्यास म्हणजे टोपोलॉजी."

"म्हणजे अंगावरून रोलर गेला तरी जे उरतं ते," मागून रोलरवाले काका म्हणाले. ते खात्याचा रस्ता दाबायचा रोलर चालवत आणि सगळ्या गोष्टींचा विचार त्याच अंगाने करत.

"तसंच समजा. आता टेबलावरचा कप बघा. याला भोकं किती?"

"एक. वरचं," साहेब म्हणाले.

"ते भोक नाही, साहेब. तो नुसता खळगा. मातीचा कप करा आणि खालून अंगठ्याने दाबा. खळगा वर येतो, सपाट होतो, गेला. आता कपाच्या कानाकडे बघा. त्यातून बोट आरपार जातं. ते काही केल्या जाईल?"

सगळे दाबायला लागले. कुणाचा कप चपटा झाला, कुणाचा लांब झाला. कानातलं भोक मात्र हटेना.

"घालवायचं तर कान तोडावा लागेल, नाही तर चिकटवून बुजवावं लागेल," बाई म्हणाल्या. "दोन्हीला बंदी आहे. म्हणून कपाला भोक एकच, ते कानाचं. तसंच सुईला एक आणि अंगठीला एक. टोपोलॉजीच्या नजरेत कप, सुई आणि अंगठी ही एकच वस्तू."

"मग मी बायकोला कप दिला असता तरी चाललं असतं," दीर म्हणाले. खोलीत हशा पिकला.

रोलरवाल्या काकांनी बूट काढून पाय वर केला. मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. "बाई, मोज्याला भोकं किती?"

"चांगल्या मोज्याला एकही नाही. तो एक लांबुडका खळगा. तुमच्या मोज्याला मात्र एक आहे, कारण एका तोंडातून शिरलेली मुंगी दुसऱ्या तोंडातून बाहेर पडू शकते. आणि पँट घ्या. तिला तोंडं तीन, पण भोकं दोनच. पँट ताणून जमिनीवर सपाट पसरली अशी कल्पना करा. कमरेचं तोंड झालं बाहेरची कड, आणि आत उरली पायांची दोन भोकं."

साहेब बराच वेळ आपल्या मातीच्या गोळ्याकडे बघत होते. त्यांनी त्यावर बोटाने एक खळगा केला, मग आणखी एक, मग आणखी एक. मग हळूच विचारलं, "बाई, मग रस्त्यावरचा खड्डा?"

बाईंचं मन भरून आलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी स्वतःहून प्रश्न विचारला होता. मागचापुढचा विचार न करता त्या म्हणाल्या, "तोही खळगाच, साहेब. आरपार जात नाही ना? मग भोक नव्हे."

साहेब उठले. त्यांनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी शहराच्या चारही चौकांत मोठे फलक लागले: 'आपल्या शहराच्या रस्त्यांना एकही भोक नाही. शास्त्राने सिद्ध.' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'भुयारी मार्ग वगळून.' तेवढं प्रामाणिकपण साहेबांच्यात होतं.

तक्रारीच्या खिडकीवर नवी पद्धत सुरू झाली. कुणी खड्ड्याची तक्रार घेऊन आलं की रोलरवाले काका अदबीने विचारायचे, "आरपार आहे का?" आता रोलरला काम नव्हतं, म्हणून काकांना तिथे बसवलं होतं.

"आरपार म्हणजे?"

"म्हणजे हात घातला तर दुसरीकडून बाहेर येतो का?"

"दुसरीकडून म्हणजे कुठून? पृथ्वीच्या पलीकडून?"

"तिथून आला तरी चालेल. तसा येत नसेल तर तो खळगा, आणि खळग्याची तक्रार घ्यायला खिडकी नाही."

लोक संतापून जायचे. काही जण घरी जाऊन विचार करायचे आणि दुसऱ्या दिवशी पडेल चेहऱ्याने येऊन सांगायचे, की तपासलं, नाही येत हात बाहेर.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, घोटाळा होतोय. टोपोलॉजीला लांबी कळत नाही, खोली कळत नाही. तिला टाचणीने केलेला खळगा आणि विहीर सारखीच. पण गाडीच्या चाकाला खोली कळते."

"मग चाकांना वर्गाला बसवा," साहेब म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते. दीर खाली मान घालून मोटार वाहन खात्याला फोन लावायला निघालेही होते. बाईंनी त्यांना दारात अडवलं.

साहेबांनी बाईंचं बोलणं हसून सोडून दिलं आणि त्यांना पक्की नोकरी दिली. दारावर पितळी पाटी लागली: 'छिद्र निश्चिती अधिकारी'. आत एक टेबल, एक विजेरी आणि एक लांब काठी. बाईंना हसावं की रडावं कळेना. रागही येत होता. पण खरं सांगायचं तर पाटी बघून आतून गुदगुल्याही होत होत्या. आजवर कुणीही त्यांचं नाव कशावरही लावलं नव्हतं. याही पाटीवर ते नव्हतं, पण हुद्दा त्यांचाच होता.

आठवड्याभरात सासूबाई औषधाच्या दुकानातून परत येताना रस्त्यात पडल्या. बाई धावत दवाखान्यात पोचल्या.

"आई! कशा पडलात? खूप लागलं का हो?"

"लागलं का विचारतेस? अगं, तुझ्या त्या खळग्याने माझा घोटा मोडला." सासूबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या. "भोक असतं तर निदान दुसरीकडून बाहेर तरी पडले असते! हे मेलं धड आतही नाही आणि बाहेरही नाही."

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. घरी येईपर्यंत रिक्षात सासूबाई प्रत्येक खड्ड्याला नुसत्या बाईंकडे बघत होत्या. बाईंना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर स्टेशनजवळचा तो प्रकार घडला. तिथे रस्त्याखालून पायी जायचा भुयारी मार्ग होता, आणि त्याच्या मधोमध एक किल्लीवाला बसायचा. हरवलेल्या किल्ल्या बनवून द्यायचा, गिऱ्हाईक नसलं की डुलक्या काढायचा. त्याच्या बरोब्बर डोक्यावरचा खड्डा दिवसेंदिवस खोल होत होता. एका दुपारी छपरातून माती पडली, मग डांबराचं ढेकूळ, मग सूर्यप्रकाश, आणि त्यामागून एक बूट. वरून आवाज आला, "अहो, माझा बूट दिसतोय का?"

किल्लीवाल्याने बूट वर फेकला. मग तोच बूट घातलेला गृहस्थ आणि तो, दोघे मिळून छिद्र निश्चिती अधिकाऱ्यांकडे आले.

बाई विजेरी आणि काठी घेऊन निघाल्या. मागे साहेब, साहेबांच्या मागे अर्धं खातं. बाईंनी वरून काठी घातली. खालून किल्लीवाल्याने ती धरली आणि हलवली.

"बाई, काय म्हणता?" साहेबांनी विचारलं.

"भोक आहे, साहेब. आधी भुयाराला दोन तोंडं होती, म्हणजे एक भोक. आता तीन तोंडं. पँटसारखं. म्हणजे दोन भोकं."

"म्हणजे आपल्या शहराला पँट झाली," रोलरवाले काका गंभीरपणे म्हणाले.

साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. शास्त्राने भोक ठरवलंय म्हटल्यावर हयगय नाही! संध्याकाळच्या आत पोलादी पट्ट्या आल्या, सिमेंट आलं, डांबर आलं, रोलर आला. काकांनी इतक्या प्रेमाने रस्ता दाबला की त्यावर कुणी भिंतीवरचा आरसा मांडला असता तर हलला नसता. शहरातला तो सगळ्यात गुळगुळीत भाग झाला. लोक मुद्दाम बघायला येऊ लागले, काही तर त्यावर पाय घासून बघत.

आणि मग लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला. खड्ड्याला कुणी विचारत नाही, पण भोक मात्र दिवसभरात बुजतं!

दुसऱ्या सकाळी साऱ्या शहरात पहारी वाजू लागल्या. गल्लीगल्लीत लोक आपापल्या दारातले खड्डे खोल करू लागले. कुणी गटारापर्यंत पोचलं, कुणी जुन्या नळाच्या पोकळीत. शाळेतल्या शिक्षिका मधल्या सुट्टीत खणत, बँकेतला रखवालदार बंदूक भिंतीला टेकवून खणे. न्हाव्याने तर गिऱ्हाईकांना सांगून टाकलं, आधी दहा मिनिटं खणा, मग केस. शेजारी शेजाऱ्याला विचारू लागला, "काय, लागलं का आरपार?" आणि जोरजोरात हात मिळवले जाऊ लागले.

बाईंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. काठी घेऊन त्या इकडून तिकडे. गटार दोन्हीकडे उघडं असलं की त्या म्हणत, "भोक", आणि टाळ्या पडत. पण एका गल्लीत लोकांनी खणता खणता कधीची बंद पडलेली भूमिगत टाकी फोडली. आत खोलीएवढी पोकळी. सगळी गल्ली हारतुरे घेतल्यासारखी आनंदाने उभी.

बाईंनी विजेरी मारून चारही बाजू पाहिल्या. "याला दुसरं तोंड दिसत नाही. हा खळगाच. मोठा आहे, पण खळगा."

"एवढा मोठा?" गल्लीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांना धक्काच बसला. "बाई, यात माझं घर मावेल!"

"घर मावेल, पण घराला बाहेर पडायला वरचं हेच दार. कपात समुद्र ओतला तरी कपाला कानाचंच भोक."

पोस्टमास्तर हट्टाने शिडी लावून खाली उतरले आणि दुसरं तोंड शोधू लागले. सगळी गल्ली वरून त्यांना धीर देत होती. त्यांना बाहेर काढायला शेवटी अग्निशमन दल बोलवावं लागलं, कारण ते वर यायला तयारच नव्हते. "सापडेल, सापडेल, थोडं डावीकडे असेल," एवढंच ते म्हणत राहिले.

आता शहरात चालणं मुश्कील झालं. बससुद्धा फुटपाथवरून जायची. साहेबांची तर पाचावर धारण बसली. ते बाईंच्या टेबलासमोर येऊन बसले, दाढी विस्कटलेली.

"बाई, आता तुम्हीच काहीतरी करा. भोकं आहेत म्हणून बुजवतो, तर बुजवून घ्यायला लोक भोकं पाडताहेत. उरलेले खळगे आहेत तसेच. माझ्या घरापुढचा खळगा तर माझ्याच बायकोने खणलाय."

बाई घरी गेल्या. चूक शास्त्रात नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. पण मग ती होती कुठे, हे सापडत नव्हतं.

घरी डॉक्टर आले होते. प्लास्टरच्या आत सासूबाईंना खाज सुटली होती आणि त्यांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. डॉक्टरांनी लहानशा करवतीने घोट्याशेजारी प्लास्टरला चौकोनी खिडकी पाडली. सासूबाईंनी त्यातून बोट घालून पाय खाजवला आणि डोळे मिटून घेतले.

"जपून हं आई, भोक लहान आहे," बाई म्हणाल्या.

"कुठलं भोक? माझ्या पायाला?" सासूबाईंनी डोळे उघडले.

"पायाला नाही हो, प्लास्टरला..."

बाई बोलता बोलता थांबल्या. बोट पायावर अडत होतं. पाय मध्ये होता म्हणून आरपार काहीच जात नव्हतं. पण प्लास्टरपुरतं पाहिलं तर? प्लास्टरमधून बोट पार गेलं होतं! त्यांनी वाकून सासूबाईंच्या प्लास्टरचाच मुका घेतला. सासूबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं आणि विचारलं, "हिला तपासता का जरा?"

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत सगळं खातं पुन्हा जमलं. पहारी घेतलेले काही नागरिकही दारात उभे होते. बाईंनी मातीचा गोळा घेतला आणि त्याच्याभोवती पातळ कागद घट्ट गुंडाळला. मग पेन्सिलीने टोचलं. कागद फाटला, मातीत छोटा खळगा पडला.

"आता सांगा, भोक पडलं की नाही?"

"नाही," साहेब सवयीने म्हणाले. "आरपार गेलेलं नाही."

"कशाच्या आरपार?"

साहेब मातीकडे आणि कागदाकडे आळीपाळीने बघू लागले.

"मातीला खळगा पडलाय," बाई म्हणाल्या. "कागदाला मात्र भोक पडलंय. 'भोक आहे का' हा प्रश्नच अर्धवट आहे. आधी विचारायचं, कशाला? वस्तू कोणती ते ठरवल्याशिवाय टोपोलॉजी तोंड उघडत नाही. काका, आपलं खातं काय बांधतं? पृथ्वी?"

"छे हो," रोलरवाले काका म्हणाले. "पृथ्वी आधीच होती. आपण तिच्यावर डांबराचा थर घालतो."

"मग आपली वस्तू म्हणजे तो थर. जमिनीला तुम्ही खुशाल खळगा म्हणा. पण ज्या खड्ड्यात डांबर संपून खालची खडी दिसते, तिथे डांबराच्या थराला भोक पडलेलं आहे. खरंखुरं, आरपार."

साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, मग परत आला, मग पुन्हा उडाला. "म्हणजे फलकावर एकही भोक नसलेल्या शहरात आज..."

"मोजता येणार नाहीत इतकी," बाई म्हणाल्या.

"आणि सगळी शास्त्राने सिद्ध?"

"सगळी."

साहेब सावकाश उठले. बाईंना वाटलं, आता ते चिडणार, नाही तर रडणार. पण साहेबांनी टेबलावर मूठ आपटली आणि गरजले, "मग बसलात काय? रोलर काढा!" दारातल्या एका नागरिकाच्या हातून पहार निसटून दिरांच्या पायावर पडली. पण त्या गडबडीत त्यांच्या ओरडण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

काम बरेच महिने चाललं. काकांनी तक्रारीच्या खिडकीला राम राम ठोकला आणि रोलरवर जे चढले ते जेवायलाही उतरेनात. रस्ते सगळे गुळगुळीत झाले असं म्हणता येणार नाही. जिथे डांबराचा थर नुसता दबला होता, तिथे साहेब अजून 'खळगा' म्हणून अडून बसत. पण लोक अडखळून पडेनासे झाले, बस परत रस्त्यावर आली. साहेबांची पुढे बागा खात्यात बदली झाली. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना फोन करून विचारलं की बागेला गोल कुंपण घातलं तर आतली बाजू कोणती हे कसं ठरवायचं, कारण माळी आणि ते दोघे वेगवेगळ्या बाजूला उभे आहेत आणि दोघांनाही आपण बाहेर आहोत असं वाटतंय.

बाईंनी छिद्र निश्चितीची नोकरी सोडली आणि त्याच बैठकीच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग सुरू केला, सगळ्यांसाठी खुला. पहिल्या दिवशी दोन-चार जण येतील असं धरून त्यांनी माती आणली होती. माणसं आली ती जिन्यापर्यंत. पोस्टमास्तर आले होते, बँकेचा रखवालदार आला होता, किल्लीवाला किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला होता आणि प्रत्येक किल्लीची भोकं मोजत बसला होता. सासूबाई काठी टेकत आल्या, पहिल्या खुर्चीत बसल्या, आणि पिशवीतून सरबत प्यायची नळी काढून त्यांनी थेट विचारलं, "याला भोक एक की दोन?"

"एक," काका म्हणाले.

"दोन," किल्लीवाला म्हणाला. "एक वर, एक खाली."

"ती तोंडं झाली. भोक एकच."

"तोंडं दोन आणि भोक एक, हे कुठलं गणित?"

"अहो, मोज्याचं गणित! माझा मोजा काढून दाखवू का?"

"नको!" सगळी खोली एका सुरात ओरडली.

बाई फळ्याकडे वळल्या, खडू उचलला, आणि तसाच खाली ठेवला. मागे आवाज चढत चालला होता. सासूबाई काठी आपटून सांगत होत्या की नळी आखूड करत करत अंगठीएवढी केली तर काय ते बोला. रखवालदार म्हणत होता की बंदुकीच्या नळीचा मुद्दा कुणीच लक्षात घेत नाही. कुणालाही बाईंची गरज नव्हती. बाईंनी एक खुर्ची ओढली, सगळ्यात मागे जाऊन बसल्या, आणि हात वर करून आपली बोलायची पाळी येण्याची वाट बघू लागल्या.